कार्ड रिकामं करण्याआधी

सकाळी ९. सांगलीतला आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. वैशाखात कार्यांना खंड नसतो. शटर उघडलं की बॅगेतून आधी कार्डं काढतो, बाजूची बारीक खिट्टी लॉककडे सरकवतो आणि मगच ती रीडरमध्ये घालतो. आता चुकून काही पुसलं जायचं नाही.

साडेनऊ. रंगांचं काम मॅकवर, अल्बम विंडोजवर आणि साठवण कोपऱ्यातल्या लिनक्स सर्व्हरवर. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला उघडतच नाही. म्हणून ने-आण करायची डिस्क एक्सफॅटमध्ये. जुनं फॅट३२ सगळीकडे चालतं, पण ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही. वरातीचा सलग व्हिडिओ तिथंच अडतो.

११. अल्बम करणारी मुलगी हाक मारते, "दादा, फोटो दुप्पट दिसतायत." बघतो तर प्रत्येक फोटोच्या जोडीला त्याच नावाची, पुढे टिंब आणि अधोरेघ असलेली चिमुकली फाइल. फोटोबद्दलची जास्तीची माहिती मॅक एक्सफॅट डिस्कवर अशी वेगळी ठेवतो. अल्बमला तिचा उपयोग नाही. सर्व्हरवर नेताना आरसिंकला त्या फाइली वगळायला सांगतो.

दुपारी १. आजचं खरं काम हे. मॅकवर वापरलेली एक जुनी, एचएफएस प्लसची डिस्क सर्व्हरवर घ्यायची आहे. नुसती ओतली, तर सर्व्हरवर 'वऱ्हाड' नावाची दोन फोल्डरं, आधीचं आणि नवं, शेजारी शेजारी उभी राहतात. डोळ्यांना रतिमात्र फरक दिसत नाही. युनिकोडमध्ये ऱ हे एक अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता असं दोन तुकड्यांत. एचएफएस प्लस ते तोडूनच ठेवतं. लिनक्स बाइट मोजतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. कुणी सद्भावनेनं 'जास्तीचं' फोल्डर उडवलं, तर मुलाकडची सगळी मंडळी गेली! त्यामुळे डिस्क आधी वेगळ्या जागी उतरवतो, कन्व्हएमव्हीनं नावं जोडरूपात आणतो आणि मगच मूळ साठ्यात मिसळतो. फोल्डरांची नावं रोमनमध्ये घाला, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. वऱ्हाड हे वऱ्हाडच राहिलं पाहिजे, मशीन कुठलंही असो.

४. पडताळणी. फाइल दिसते म्हणजे ती धड आहे असं नाही. कार्डावरच्या आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा काढून जुळवतो. एक बिट जरी बदललं, तरी ठसा पार बदलतो. याला वेळ लागतो, आणि तो मी कधीच कापत नाही.

७. "दादा, कार्ड मारू का फॉरमॅट?" पोरगा विचारतो. अजून नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम आम्ही पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसरीकडे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं. एका खोलीतल्या तिन्ही प्रती तेव्हा एकदमच बुडाल्या असत्या. म्हणून तिसरी डिस्क मिरजेला, वरच्या मजल्यावर.

साडेआठला तिकडून फोन येतो: डिस्क लावली, ठसे जुळले. "आता मार," मी सांगतो, "पण कॅमेऱ्यातच, कॉम्प्युटरवर नको."