घोडनदीचा सत्पुरुष आणि दौंडचे रेल्वेवाले

पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी शिरूर वसलं आहे. नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. पंचक्रोशीतली जुनी माणसं या गावाला घोडनदीच म्हणतात. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली आणि तिची छावणी इथे पडली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. फौजेमागोमाग मुलखामुलखाचे लोक आले. काही परतले, काहींनी इथेच घरं बांधली, काही इथल्याच मातीत गेले.

कर्नल विल्यम वॉलेस हा त्यांतलाच एक. १८०९ मध्ये तो शिरूरला वारला. पुढे पाऊणशे वर्षांनी, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने त्याच्या थडग्याविषयी जे टिपून ठेवलं, ते मुद्दाम वाचावं असं आहे. आसपासच्या गावांतले लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत. सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य आधी त्याच्या थडग्यावर जाई. ब्राह्मण आणि मारवाडी वाणी सोडले, तर गावातले बाकीचे हिंदू तिथे पूजा करीत. गुरुवारी रात्री दिवा लावायचं काम एका कामाठ्याकडे होतं. कामाठी समाज मूळचा तेलुगू मुलखातला. एका परक्याचा दिवा दुसऱ्या परमुलखी घराण्यातल्या माणसाने तेवता ठेवला, हे शिरूरचं खरं वैभव. वॉलेसची आठवण टिकली ती त्याच्या रक्ताच्या नात्यातल्यांमुळे नव्हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे.

मारवाडी घराण्यांनी आपली आठवण वेगळ्या वाटेने जपली. ओसवाल जैन कुटुंबं आपलं मूळ जोधपूरजवळच्या ओसियांशी जोडतात, तिथल्या देवीला जातात. कित्येक घराण्यांच्या पिढ्या राजस्थानातल्या भाटांच्या वह्यांत चढलेल्या असतात. पण या घरांचा जीव गुंतला तो शिरूरमध्येच. गावातलं महाविद्यालय चांदमल ताराचंद बोरा यांच्या नावाने चालतं.

शिरूरची गोष्ट छावणीची, तर दौंडची रुळांची आहे. सोलापूरकडे जाणारी ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची गाडी इथून जाऊ लागली आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यावर भीमाकाठचं हे गाव जंक्शन झालं. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा कामांवर अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहिली. नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची ‘बॉल करी’ हा त्यांच्या रविवारचा बेत. १९४७ नंतर देशभरातल्या रेल्वे कॉलन्यांमधून अशी असंख्य घरं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली.

आज त्यांची नातवंडं-पतवंडं पूर्वजांचा माग काढतात, तेव्हा मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नोंदी त्यांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतात. जुन्या इंग्रजी कागदांत दौंड ‘धोंड’ म्हणून येतं, हे ठाऊक नसलं तर शोध तिथेच अडतो. नोंदीत बापाचा हुद्दा असतो, पाद्र्याची सही असते. आजी कुठल्या गल्लीत खेळली, कोणत्या गाडीच्या शिट्टीवर उठायची, हे मात्र दौंडच्याच एखाद्या वृद्ध रेल्वेवाल्याला विचारावं लागतं.

शिरूरच्या दफनभूमीतली अक्षरं ऊन-पावसाने झिजण्याआधी कुणीतरी उतरवून घ्यायला हवीत. तालुक्यात महाविद्यालय आहे, इतिहास शिकणारी मुलं आहेत. चार सुट्ट्यांचं काम आहे. त्याच वहीत कामाठी, मारवाडी आणि रेल्वेवाल्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकिकतीही लिहून घ्याव्यात.