मोटारीचें चाक आणि त्याची रुंदी

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढविणारा लोहार चाकाचें माप मोठ्या काटेकोरपणें घेतो. धांव सैल राहिली तर ती वाटेंतच निखळते आणि फाजील घट्ट झाली तर चाक मोडतें, हें तो पुरें जाणून असतो. मोटारीचीं चाकें बदलूं पाहणाऱ्या हौशी मालकाला मात्र मापाचें एवढें भय वाटत नाहीं. दुकानांत मांडलेलें रुंद, चकचकीत चाक डोळ्यांत भरतें, आणि "जितकें रुंद तितकें चांगलें" या समजुतीवर सौदा पुरा होतो. ही समजूत अगदींच खोटी नाहीं. परंतु ती निम्मीच खरी आहे, आणि उरलेली निम्मी प्रसंगीं जिवावर बेतूं शकते.

उदाहरणादाखल एक सुप्रसिद्ध गाडी घेतां येईल. जपानांतील माझ्दा कंपनीची 'एमएक्स-५' ही उघड्या टपाची, दोन माणसांची छोटी गाडी १९८९ सालीं शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचें वजन सुमारें एक हजार किलो, एंजिन पुढें, आणि गति मागील चाकांना. तिच्या पहिल्या पिढीच्या गाड्या हौशी लोक अजून जिव्हाळ्यानें बाळगतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं चाकें केव्हांच बदललेलीं असतात.

या गाडीच्या मूळ टायरवर '१८५/६० आर १४' अशीं अक्षरें असत. त्यांतील १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ६० हा आंकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती आहे तें सांगतो. म्हणजे येथें ती १११ मिलिमीटर झाली. 'आर' हें अक्षर टायरची आंतील वीण त्रिज्येच्या दिशेनें केली असल्याचें दाखवितें, आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. रिमचे ३५६ मिलिमीटर आणि वरखालच्या दोन बाजूंचे २२२ मिळून चाकाची सबंध उंची ५७८ मिलिमीटर भरते.

चाक बदलतांना पहिला नियम हा, कीं ही सबंध उंची शक्य तों कायम राहावी. समजा, त्याच चौदा इंची रिमवर मालकानें २०५/६० मापाचा टायर चढविला. आतां उंची ६०२ मिलिमीटर होते, म्हणजे मुळाहून शेंकडा चार अधिक. वेगमापकाची मोजणी चाकाच्या फेऱ्यांवर अवलंबून असल्यामुळें कांटा शंभर दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत एकशें चारानें धांवत असते. एंजिनाची ओढ तितकीच मंदावते, आणि वळणावर टायर मडगार्डला घासण्याचा संभव वाढतो. उलट पंधरा इंची रिमवर १९५/५० चा टायर घेतला, तर ३८१ आणि १९५ मिळून ५७६ मिलिमीटर होतात. फरक अवघा दोन मिलिमीटरांचा. रिम मोठी झाली, टायर रुंद झाला, बाजू बुटकी झाली. पण उंची जवळजवळ तीच राहिली. या गाडीच्या मालकांत हें माप इतकें लोकप्रिय कां, याचें उत्तर या साध्या बेरजेंत आहे.

दुसरा विचार रिमचा. मूळ रिम साडेपांच इंच रुंद होती. १९५/५० च्या टायरला साडेपांच ते सात इंचांपर्यंतची रिम मानवते. रिम फार अरुंद असली तर टायरच्या बाजू फुगतात, त्याचा रस्त्यावर टेकणारा तळ गोलावतो, आणि वाढलेली रुंदी फुकट जाते.

रिमची रुंदी ठरली तरी ती गाडीला बसेलच असें नाहीं. या गाडीच्या तुंब्यावर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळांत चार बोल्ट आहेत, आणि मधल्या भोंकाचें माप ५४.१ मिलिमीटर आहे. नव्या चाकाचें भोंक याहून मोठें असल्यास मध्यें योग्य मापाचें कडें बसवावें लागतें. नाहीं तर चाक नेमकें मध्यावर बसत नाहीं आणि वेगांत स्टीअरिंग थरथरूं लागतें. याहून नाजूक गोष्ट म्हणजे चाकाची बैठक. चाकाचें जें तोंड तुंब्यावर टेकतें, तें रिमच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला मूळ चाकांत ४५ मिलिमीटर आहे. सात इंची रिम घेतली म्हणजे रुंदी ३८ मिलिमीटर वाढली. बैठक ४५ च ठेवली तर ही वाढ सारखी वांटली जाऊन १९ मिलिमीटर आंत, स्प्रिंगच्या बाजूस, आणि १९ बाहेर, मडगार्डच्या बाजूस जाते. बैठक २५ ची असली तर जवळजवळ सारी वाढ बाहेर पडते. चाक दिसतें मोठें रुबाबदार. पण खड्ड्यांत मडगार्डची कड टायरला कापूं लागते, तुंब्यांतील बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टीअरिंगमधून हाताला जाणवतो. ३५ च्या आसपासची बैठक हा बहुधा मधला मार्ग ठरतो.

एवढा खटाटोप करून पकड खरोखर वाढते काय? रस्त्यावर टेकणाऱ्या जागेचें क्षेत्रफळ स्थूलमानानें वजन भागिलें हवेचा दाब इतकें असतें. एका चाकावर २५० किलो भार आणि टायरमध्यें दर चौरस इंचाला २६ पौंड दाब धरला, तर तें सुमारें १३५ चौरस सेंटिमीटर येतें; म्हणजे जवळजवळ बोटांसह पसरलेल्या हाताएवढें. टायर रुंद केल्यानें हें क्षेत्र फारसें वाढत नाहीं, त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आंखूड आणि रुंद होतो. असा ठसा वळणावर लवकर प्रतिसाद देतो, आणि बुटकी बाजू कमी लवते. त्यामुळें गाडी अधिक चपळ वाटते. परंतु रबराची जात हलकी असेल तर रुंदी तिची उणीव भरून काढीत नाहीं. चांगल्या रबराचा अरुंद टायर वाईट रबराच्या रुंद टायरपेक्षां लवकर थांबवितो.

पावसांत तर गणितच उलटतें. साचलेल्या पाण्यावरून जातांना टायरला पुढचें पाणी बाजूला सारावें लागतें. ठसा जितका रुंद, तितकें सारावयाचें पाणी अधिक. आणि एका विशिष्ट वेगाला टायर पाण्यावर तरंगूं लागतो. त्या क्षणीं स्टीअरिंग हातांत हलकें लागतें आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाहीं. एमएक्स-५ सारख्या हलक्या गाडीला हें भय विशेष. ज्या प्रदेशांत चार महिने पाऊस कोसळतो, तेथें कोणत्याहि गाडीच्या मालकानें रुंदीच्या आधीं टायरच्या खांचांची खोली पाहावी, हें सांगावयास नकोच.

जड चाकाचाहि विचार हवा. चाकाचें वजन स्प्रिंगच्या खालीं असतें. तें वाढलें कीं खड्ड्यावरून उसळलेलें चाक लवकर जमिनीवर टेकत नाहीं, आणि लहान एंजिनाला तें फिरवावयासहि अधिक श्रम पडतात. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्यांत आपटला तर धक्का सरळ रिमला बसतो, आणि ती वांकते.

टायर घेतांना मापापुढील आंकडाहि वाचावा. मूळ टायरवर '८२ एच' असे. म्हणजे एका टायरची भार पेलण्याची शक्ति ४७५ किलो आणि वेगाची मर्यादा ताशीं २१० किलोमीटर. नवा टायर याहून कमी प्रतीचा असूं नये. चाकें बसविल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पुरतें वळवून, गाडींत माणसें बसवून, टायर कोठें घासत नाहीं ना हें पाहावें. आणि पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आंत नट पुन्हां आवळावे. गाडी जेथें नोंदलेली असेल तेथील कायदा आणि विमापत्रांतील अटी यांची चौकशी खरेदीच्या आधींच करावी. अपघातानंतरची चौकशी महाग पडते.

थोडक्यांत, दहा मिलिमीटर अधिक रुंद, उंचीला मुळाइतकाच, उत्तम रबराचा टायर आणि त्याला साजेशी हलकी रिम, एवढी सुधारणा या गाडीला शोभते आणि मानवते. त्यापुढची रुंदी बहुतांशीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं असते. पावसाळी रात्रीं, शेजारीं घरचें माणूस बसलें असतांना, अचानक ब्रेक दाबण्याची वेळ येते, तेव्हां पाहणारा कोणी नसतो. तेव्हां भिस्त असते ती रस्त्याला टेकलेल्या त्या चार हातांएवढ्या जागेवर.