डोक्याला मार लागल्यावर स्वभाव का बदलतो?

टाके निघतात, चालणं-बोलणं जमू लागतं, डिस्चार्ज मिळतो आणि नातेवाईक देवाचे आभार मानतात. खरी अडचण घरी आल्यावर काही आठवड्यांनी समजते. शांत माणूस जेवताना ताट भिरकावतो. पहाटे उठून कामाला लागणारा दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहतो. सासऱ्यांसमोर कधी आवाज न चढवलेला जावई चारचौघांत अचकटविचकट बोलतो. मग ‘मुद्दाम करतोय’, ‘लाडावलाय’, ‘बाहेरचं काहीतरी असेल’ अशी कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी गंडा बांधायला घेऊन जातं. या घरांना आधी एक गोष्ट कळायला हवी. हा बदल त्याच इजेचा भाग आहे. लुळा पडलेला हात जितका शारीरिक, तितकाच हा रागही शारीरिक असू शकतो.

गंभीर इजा कशाला म्हणतात

ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये एक मोजपट्टी मांडली. रुग्ण डोळे कधी उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, यावरून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण असतील तर इजा गंभीर. डिस्चार्ज कार्डावर हा आकडा बहुधा ‘जीसीएस’ म्हणून लिहिलेला असतो. ते कार्ड जपून ठेवा. वर्षभराने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल, तेव्हा ते सगळ्यात आधी लागेल.

मेंदूत नेमकं काय होतं

दुचाकीवरून पडल्यावर डोकं झटक्यात थांबतं, पण आतला मेंदू पुढे सरकून कवटीवर आदळतो. कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत तळाला घासला जातो, म्हणून मार मागून लागला तरी या दोन भागांना इजा होण्याची शक्यता बरीच असते. आपला स्वभाव म्हणून लोक जे ओळखतात, त्यातलं बरंच काही या भागांवर अवलंबून आहे. कपाळामागच्या भागात डोळ्यांच्या वर जखम झाली तर जिभेवरचा आणि रागावरचा लगाम सुटतो. आतल्या बाजूला झाली तर माणूस स्वतःहून काही सुरूच करत नाही. बाहेरच्या बाजूला झाली तर कामाचा क्रम लावता येत नाही. कानाजवळच्या भागात स्मरणशक्ती आणि भावना सांभाळणाऱ्या रचना असतात.

याशिवाय मेंदूभर पसरलेले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे नुकसान साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘स्कॅन तर नॉर्मल आहे, मग हे नाटकच’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आणि रुग्णावर फार अन्याय करणारा आहे.

फिनियास गेज: गोष्टीचा राहून गेलेला भाग

अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिशजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलोची लोखंडी पहार २५ वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये सविस्तर लिहिलं, की पूर्वी कर्तबगार आणि समंजस असलेला गेज आता शिवराळ, हट्टी आणि धरसोडीचा झाला होता. मालकांनी त्याला पुन्हा मुकादम म्हणून घेतलं नाही.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. माझ्या मते तिचा सगळ्यात मोलाचा भाग यापुढे सुरू होतो. १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं त्याने घोडागाडी हाकली. ठरलेल्या वेळी उठायचं, घोड्यांची निगा ठेवायची, उतारूंशी बोलायचं, तोच रस्ता धरायचा. लगाम सुटलेल्या माणसाला हे झेपलं नसतं. गेजच्या आयुष्याचा कसून शोध घेणारे ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन म्हणतात, की त्या आखीव दिनक्रमानेच त्याला बरंचसं सावरलं असावं. पुढे प्रकृती ढासळली, फिट्स येऊ लागल्या आणि मे १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ तो वारला. मधली वर्षं मात्र स्वतःच्या कमाईवर जगला.

राग, सुस्ती, उदासी

या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून त्यांची गल्लत होऊ देऊ नका. राग बहुधा थकव्यातून, गोंगाटातून किंवा चार जण एकदम बोलू लागल्यामुळे उसळतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. सुस्तीत माणसाला दुःखही वाटत नाही, कशाचंच काही वाटत नाही. उदासीत ते दुःख असतं: झोप उडते, भूक मरते, जगणं नको वाटतं. सिएटलमधल्या ५५९ रुग्णांवरच्या २०१० च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांना पहिल्या वर्षात नैराश्याने गाठलेलं आढळलं. हे नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने आटोक्यात येतं. ‘एवढं झाल्यावर वाईट वाटणारच’ म्हणून ते सोडून देऊ नये.

काही रुग्णांना विनाकारण रडू कोसळतं किंवा हसू आवरत नाही. त्यालाही औषध आहे.

‘मला काही झालेलं नाही’

आपल्यात झालेला बदल ओळखण्याची क्षमताच इजेत जाऊ शकते. असा रुग्ण ओपीडीत पाच मिनिटं नीट बोलतो, सगळं ठीक असल्याचं सांगतो आणि डॉक्टरांना ते पटतं. म्हणून सोबत घरचं माणूस हवंच. वहीत रोज दोन ओळी लिहा: काय घडलं, त्याआधी काय चाललं होतं, झोप किती झाली. डॉक्टरांना त्यातून तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त समजतं.

औषधं आणि घरचा दिनक्रम

रागासाठी प्रोप्रानोलॉलसारखी औषधं आणि नैराश्यासाठी सर्ट्रालिनसारखी औषधं मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट देतात. इजा झालेल्या मेंदूला गोळ्यांचा त्रास लवकर होतो, म्हणून डोस कमी ठेवून हळूहळू वाढवतात. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. त्यांनी गोंधळ आणि चिडचिड वाढू शकते. दारू पूर्ण बंद. थकवा आणि उदासी हटतच नसेल, तर हार्मोनची तपासणी करायला सांगा, कारण डोक्याच्या मारात पिट्युटरी ग्रंथीलाही इजा होऊ शकते.

घरात उठण्या-जेवण्याच्या वेळा ठरवा. एका वेळी एकच काम सांगा. पाहुण्यांची गर्दी टाळा, दुपारी विश्रांती द्या. राग चढल्यावर वाद घालू नका. विषय बदला किंवा थोडा वेळ खोलीबाहेर जा. तो शांत झाल्यावर बोला. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जलद होते, पण नंतरही वर्षानुवर्षं होत राहते.

तातडीने दवाखान्यात कधी न्यावं

फिट आली, गुंगी किंवा डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा एक बाजू कमजोर पडली, तर थांबू नका. वृद्धांमध्ये मार लागून काही आठवड्यांनीही मेंदूवर रक्त साचू शकतं, आणि त्याची पहिली खूण वागण्यातला बदल हीच असू शकते. मरणाची भाषा ऐकू आली, तर माणसाला एकटं सोडू नका.

सांभाळणाऱ्याचं काय

बहुतेक घरांत हे ओझं पत्नीवर किंवा आईवर पडतं. नवरा समोर बसलेला असताना ‘माझा नवरा हरवला’ असं वाटणं तिला बोलून दाखवता येत नाही, कारण लोक म्हणतात, ‘वाचला हेच नशीब.’ त्या दुःखाला जागा द्यायला हवी. आठवड्यातली एक दुपार नणंदेने किंवा दिराने रुग्णाजवळ बसावं, इतकी वाटणी तरी ठरवून घ्या. मार खावा लागत असेल, तर तो आजारामुळे आहे म्हणून सहन करत राहायचं नसतं. डॉक्टरांना लगेच सांगा आणि रात्री दुसरं मोठं माणूस घरात ठेवा. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि सांभाळणाऱ्यानेही स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही.