व्हेलॉसिटी, सॉफ्टवेअर विकास

व्हेलॉसिटी हे अजाइल पद्धतीने सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संघाच्या कामाच्या गतीचे एक माप आहे. ठरावीक कालखंडात संघाने पूर्ण केलेल्या कामांच्या अंदाजित आकारांची बेरीज म्हणजे त्या कालखंडाची व्हेलॉसिटी होय. स्क्रम पद्धतीत या कालखंडास स्प्रिंट म्हणतात. तो एक महिना किंवा त्याहून कमी, बहुधा दोन आठवड्यांचा असतो. पुढील कामाचे नियोजन करणे हा या मापाचा मूळ हेतू आहे.

संज्ञा

भौतिकशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत व्हेलॉसिटी या संज्ञेसाठी 'वेग' हा शब्द रूढ असून त्यात दिशेचाही समावेश होतो. दिशाविरहित राशीस 'चाल' म्हणतात. सॉफ्टवेअर क्षेत्रातील व्हेलॉसिटीत मात्र दिशेची मोजणी होत नाही. संघ किती काम करतो एवढेच तिच्यावरून समजते. ते काम योग्य आहे की नाही, हे समजत नाही.

इतिहास

ही संकल्पना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीतून पुढे आली. बेक आणि मार्टिन फाउलर यांच्या 'प्लॅनिंग एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' (२०००) या पुस्तकात 'कालचे हवामान' हे तत्त्व मांडलेले आहे. आजचे हवामान बहुधा कालच्यासारखेच असते. त्याचप्रमाणे संघ पुढील कालखंडातही साधारणपणे मागील कालखंडाइतकेच काम करील, असे त्यात गृहीत धरले जाते. २००१ साली युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइल जाहीरनामा तयार केला. त्यानंतर या पद्धतींचा प्रसार झाला व हे मापही सर्वत्र पोहोचले. केन श्वेबर व जेफ सदरलँड यांच्या स्क्रम मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत मात्र व्हेलॉसिटीचा उल्लेख नाही. स्क्रम वापरणारे अनेक संघ ती स्वेच्छेने मोजतात.

मोजणीची रीत

प्रत्येक कामाचा आकार संघातील सदस्य एकत्र बसून ठरवतात. हा आकार बहुधा तासांत न सांगता स्टोरी पॉइंट या सापेक्ष एककात सांगितला जातो. त्यासाठी १, २, ३, ५, ८, १३ असे फिबोनाची श्रेणीतील अंक वापरण्याची प्रथा आहे. काम जितके मोठे, तितका अंदाज ढोबळ होत जातो. श्रेणीतील वाढत्या अंतरांमुळे ही गोष्ट आपोआप ध्यानात राहते.

स्प्रिंटच्या अखेरीस केवळ पूर्ण झालेल्या कामांचेच पॉइंट मोजतात. ८ पॉइंटचे एखादे काम तीन-चतुर्थांश झाले असले तरी त्या स्प्रिंटमध्ये त्याचे ६ नव्हे, तर शून्य पॉइंट धरले जातात. 'बहुतेक झाले आहे' या आश्वासनावर नियोजन उभे राहू नये, हे या कठोर नियमाचे कारण आहे.

नियोजनातील उपयोग

समजा, एका संघाने पाच स्प्रिंटमध्ये अनुक्रमे २१, २६, १८, २४ व २६ पॉइंटचे काम पूर्ण केले. एकूण बेरीज ११५ व सरासरी २३ येते. शिल्लक काम २०७ पॉइंटचे असल्यास सरासरीनुसार ९ स्प्रिंट लागतील. सर्वांत कमी म्हणजे १८ ही गती धरल्यास १२, तर सर्वाधिक म्हणजे २६ ही गती धरल्यास ८ स्प्रिंट लागतील. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या हिशेबाने हा काळ १६ ते २४ आठवडे होतो. ग्राहकाला १८ आठवड्यांची एकच तारीख देण्यापेक्षा असा पल्ला सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

एकाच स्प्रिंटच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नसते. सणांच्या सुट्ट्या, आजारपण, नव्या सदस्याचे आगमन किंवा जुन्या आज्ञावलीतील दोषांची दुरुस्ती यांमुळे आकडा खालीवर होतो. म्हणून अनेक स्प्रिंटची सरासरी घेतात आणि संघाची रचना बदलल्यास नव्याने नोंदी ठेवतात.

गैरवापर व टीका

स्टोरी पॉइंट हे प्रत्येक संघाचे स्वतःचे एकक असते. एका संघाचे ५ पॉइंट दुसऱ्या संघाच्या १३ पॉइंटांएवढे असू शकतात. त्यामुळे ४० पॉइंट करणारा संघ २० पॉइंट करणाऱ्या संघापेक्षा दुप्पट कार्यक्षम आहे, असे म्हणता येत नाही.

व्यवस्थापनाने व्हेलॉसिटी वाढवण्याचे उद्दिष्ट लादल्यास आकडा वाढतो, काम वाढतेच असे नाही. काल ३ पॉइंटचे असलेले काम आज ५ पॉइंटचे ठरवले जाते किंवा चाचण्या टाळून काम पूर्ण झाल्याचे दाखवले जाते. टाळलेल्या चाचण्यांची किंमत पुढे दोषांच्या रूपाने वापरकर्त्यांना आणि दुरुस्तीच्या रूपाने त्याच संघाला मोजावी लागते. शिवाय फुगलेल्या आकड्यांवरून अंदाज बांधता येत नसल्याने मापाचा मूळ उपयोगही नष्ट होतो. एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हे तत्त्व ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. व्हेलॉसिटीचा गैरवापर हे त्याचे ठळक उदाहरण होय. स्टोरी पॉइंटच्या निर्मितीशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या रॉन जेफ्रीज यांनीही २०१९ साली या संकल्पनेच्या गैरवापराबद्दल खेद व्यक्त केला.

पर्याय

काही संघ पॉइंट न मोजता पूर्ण झालेल्या कामांची केवळ संख्या मोजतात. कानबान पद्धतीत एखादे काम हाती घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंत लागलेला काळ नोंदवला जातो. कोणतेही माप निवडले तरी त्याच्या नोंदी संघाच्या स्वतःच्या नियोजनासाठी वापरल्या जातात, तोवरच त्या विश्वासार्ह राहतात.