पाय टेकण्यापूर्वी

मालवणचा समुद्र आमच्या पुनावळ्यापासून रात्रभराच्या प्रवासावर आहे. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री निघालो आणि सकाळी मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलो. सोबत बारा वर्षांचा भाचा होता.

आधी डॉल्फिन दिसले. पाठीवर उंचवटा असलेले हे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतात. ते मासे नव्हेत. आपल्यासारखेच फुफ्फुसांनी श्वास घेणारे सस्तन प्राणी आहेत, म्हणून त्यांना सारखे वर यावे लागते. नावाड्याने इंजिन मंद केले आणि होडी लांबच ठेवली. घेरले तर ती बिचारी श्वास कुठे घेणार, असे त्याचे म्हणणे.

मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग. डोळ्यांवर आणि नाकावर मुखवटा, तोंडात नळी, अंगात तरंगणारे जाकीट. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पाण्यात तोंड घातले आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे समोरून गेले. एवढ्यात नळीत पाणी शिरले. मी घाबरलो आणि खालच्या दगडावर पाय टेकला. काहीतरी कटकन मोडले.

"काकानू, पाय टेकू नकात!" वरून आवाज आला.

तो दगड नव्हता, प्रवाळ होते. प्रवाळ म्हणजे जेलीफिशच्या गोतावळ्यातले इवले प्राणी. ते चुन्याची घरे बांधून वसाहतीने राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला त्यातला मोठा वाटा देते. पाणी गढूळ झाले तर शैवालाला ऊन मिळत नाही. पाणी फार तापले तर प्रवाळ त्याला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. हा ताण लांबला तर मरते. गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे वीतभर गोळा जवळपास वीस वर्षांचा!

म्हणूनच 1987 मध्ये इथे 29.12 चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. दगडी प्रवाळांना 2001 पासून वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. तुकडा घरी नेणे हाही गुन्हाच.

खरे तर जाकीट असताना पाय टेकायची गरजच नसते. नळीत पाणी आले तर जोराने फुंकर मारायची, नाहीतर डोके वर काढून होडीची दोरी धरायची. माशांना पाव-बिस्किटे टाकायची नाहीत. नांगर प्रवाळावर न टाकणारा नावाडी निवडायचा. पोहण्याआधी एवढे पाच मिनिटांत शिकून घेता येते. मी ते पाण्यात उतरल्यावर शिकलो.

परतताना भाच्याने विचारले, "मामा, ते मोडलेलं पुन्हा केव्हा वाढेल?"

"तू नोकरीला लागशील तेव्हा बघू," मी म्हणालो. तो हसला नाही.