लेआउटमधली ‘ओपन स्पेस’ आणि दोन टँकर पाणी

यवतमाळात नवा लेआउट पडला की नकाशात एक हिरवा चौकोन असतो: ओपन स्पेस. प्रत्यक्षात तिथे बहुधा गाजरगवत, वाळूचा ढीग आणि बांधलेली म्हैस! 2020च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणजे एकरामागे साधारण 400 चौरस मीटर.

एवढ्याशा तुकड्याने काय होतं? तिथे 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी, म्हणजे पाच हजार लिटरचे दोन टँकर. 2018च्या उन्हाळ्यात निळोणा-चापडोह ही धरणं आटली, तेव्हा टँकरची वाट पाहणाऱ्याला हा हिशेब सांगायला नको. अर्थात सगळं पाणी मुरत नाही. आपली काळी माती उन्हात भेगाळते, पहिल्या सरी घटाघटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वाहू लागतं. झाडांची मुळं तिथे वाट करून देतात.

घरं हवीतच, त्यावर वाद नाही. पण मोकळी जागाही हवी, आणि शहराच्या विकास आराखड्यातल्या बागेच्या आरक्षणाला तर मुदत असते. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांतही पालिका हलली नाही, की आरक्षण संपतं. कडुनिंब एवढ्या काळात छान सावली धरतो.