उपरोधाचे शिक्षण

उपरोधात शब्द एक सांगतात व लेखकाचा आशय त्याच्या उलट असतो. हे अंतर ओळखणे ही पहिली पायरी होय. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये रूढींचे भाबडे समर्थन सुदाम्याच्या मुखी घालून रूढींचेच हसे केले.

लेखनासाठी ‘गावच्या उकिरड्याचे आभार’ हा विषय द्यावा. माशांस आश्रय, रोगांस आमंत्रण, अशी त्याची गंभीरपणे स्तुती करताच दोष आपोआप उघडा पडतो.

मात्र लंगड्या वा तोतऱ्या सोबत्याची थट्टा हा उपरोध नव्हे, ती निर्दयता होय. सुधारता येईल अशा दोषावरच हास्याचा रोख असावा. शिक्षकानेही दुबळ्या विद्यार्थ्यास टोमणे मारू नयेत. मुले प्रथम तेच शिकतात.